भाव डॉलरचा, बट्टा रुपयाला

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल शहाड ओलांडून आंबिवलीला थांबते. तेथून हाकेच्या अंतरावर, उल्हास नदीच्या काठी मोहने आहे. नॅशनल रेयॉन कंपनीच्या पाळ्यांवर ज्या गावाचा दिवस उगवत आणि मावळत असे, ते हे गाव. 2009 मध्ये ही कंपनी बंद पडली आणि महिन्याच्या ठरावीक तारखेला हाती पडणारे वेतन हजारो कुटुंबांच्या आयुष्यातून नाहीसे झाले. कारखाने बंद झालेल्या अशा वस्त्यांतून पुढे काय होते, हे ठाणे जिल्ह्याला नव्याने सांगावयास नको. घरातील कर्ता पुरुष मिळेल ती नोकरी धरतो आणि घरातील स्त्री घरातच उद्योगाची वाट शोधते. शिवणकाम, दागिने, वारली चित्रे, दिवाळीचा फराळ असे या उद्योगाचे स्वरूप असते. पूर्वी हा माल कल्याणच्या बाजारापर्यंत जात असे. आज तो न्यू जर्सीपर्यंत जाऊ शकतो. मोबाइल संचावर छायाचित्र चढवावे, किंमत लिहावी, पुडके टपालात टाकावे, इतके ते सोपे झाले आहे, असे सांगितले जाते.

किंमत लिहावी, हे शब्द उच्चारावयास सोपे आहेत. परंतु ती लिहावयाची कोणत्या चलनात? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, म्हणूनच त्याचे उत्तर विक्रेत्याऐवजी दुसराच कोणीतरी देऊन टाकतो.

उत्तर देणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिला पंथ डॉलरभक्तांचा. ‘रुपयाचे काय घेऊन बसलात? तो घसरतच जाणार. डॉलरमध्ये विका, म्हणजे रुपया जितका घसरेल तितका तुमचा नफा’, हे या पंथाचे सूत्र. उद्योजकतेच्या शिबिरांतून आणि व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्या मिरवणाऱ्या सल्लागारांच्या तोंडून ते सहज ऐकावयास मिळते. दुसरा पंथ संख्येने लहान, पण मनाने उत्साही. ‘स्वदेशी माल, तर किंमतही स्वदेशीच! परदेशी ग्राहकाने रुपयांतच पैसे मोजावेत’, असा त्याचा आग्रह. हा दुसरा पंथ आपल्याच घरातला असल्यामुळे त्याच्याविषयी आत्मीयता वाटणे स्वाभाविक आहे. तरीही स्पष्टपणे म्हणावयास हवे की, दोन्ही पंथांनी मूळ प्रश्नाला हातच घातलेला नाही. किंमतीच्या फलकावर कोणते चिन्ह आहे, यापेक्षा एका चलनाचे दुसऱ्या चलनात रूपांतर कोण करतो, कोणत्या दराने करतो आणि त्यातील तूट कोणाच्या माथी मारतो, हा खरा प्रश्न आहे. आपल्या पूर्वजांना तो नेमका ठाऊक होता. त्यासाठी त्यांच्याकडे एक शब्दही होता. तो शब्द म्हणजे बट्टा.

पहिल्या पंथाचा समाचार प्रथम घेणे इष्ट. डॉलर महागला की निर्यातदाराचे भले होते, हे वाक्य पाठ्यपुस्तकातील आहे आणि पाठ्यपुस्तकापुरते ते खरेही आहे. डिसेंबर 2025 मध्ये डॉलरने 90 रुपयांची रेषा ओलांडली, तेव्हा 40 डॉलरना विकल्या जाणाऱ्या फराळाच्या खोक्याचे 3600 रुपये झाले. 2007 च्या प्रारंभी त्याच 40 डॉलरचे साधारण 1760 रुपये होत असत. आकडा दुप्पट झाला, हे कबूल. पण खोक्यात काय आहे, ते उघडून पाहावे. चकली तळली जाते त्या तेलाचे काय? आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात होते. पामतेल इंडोनेशिया व मलेशियातून, सूर्यफुलाचे तेल रशिया, युक्रेन आणि अर्जेंटिनातून येते. लाडवावर लावलेला बदाम बहुधा कॅलिफोर्नियाचा असतो. काजू कोकणातला म्हणून आपण अभिमानाने दाखवतो, पण भारतातील काजू कारखान्यांत फोडल्या जाणाऱ्या बियांचा फार मोठा हिस्सा आफ्रिकेतून जहाजाने येतो. खोके ज्या विमानातून जाते, त्या विमानाचे इंधनही आयात केलेल्या कच्च्या तेलापासूनच झालेले. म्हणजे चकली स्वदेशी आणि तेल परदेशी! डॉलर चढला की विक्रीचे रुपये वाढतात आणि पाठोपाठ कढईतला खर्चही वाढतो. शिवाय ती गृहिणी केवळ विक्रेती नसते. ती स्वतःच्या घरासाठी तेच तेल विकत घेते, गॅसचे सिलिंडर भरते, मुलाच्या संगणकाचे हप्ते फेडते. एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने जाते, याचा हिशेब शिबिरांतील फळ्यावर कोणी मांडत नाही.

ही गोष्ट सांगणारा एक अर्थशास्त्रज्ञ शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्राने दिला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ 1923 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाची किंमत घसरल्याने व्यापार वाढतो आणि म्हणून राष्ट्राचा लाभ होतो, हा त्या काळीही मोठ्या प्रतिष्ठेचा सिद्धान्त होता. बाबासाहेबांनी त्याचा पाया काढला. असा लाभ राष्ट्राचा नसतो, तो एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे गेलेला पैसा असतो आणि वेतनावर जगणारा त्यात भरडला जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. आज बाबासाहेबांच्या नावाचा उठता-बसता जप करणाऱ्यांपैकी कितीजणांनी हा ग्रंथ उघडून पाहिला असेल, हा प्रश्न येथे बाजूस ठेवू.

डॉलरभक्तांनी आणखी एका वर्षाची आठवण ठेवावी. ते वर्ष 2007. प्रारंभी 44 रुपयांच्या आसपास असणारा डॉलर वर्षअखेरीस 39 रुपयांच्या घरात आला. 40 डॉलरच्या खोक्याचे 1760 रुपये येत होते, त्याचे 1560 झाले. माल तोच, मेहनत तीच आणि प्रत्येक खोक्यामागे दोनशे रुपये कमी. मोठ्या निर्यातदारांनी बँकांशी आगाऊ करार करून आपापल्या परीने संरक्षण मिळवले होते. लहान माणसाला असा करार असतो, हेच माहीत नव्हते. डॉलर नेहमीच चढतो, अशी श्रद्धा बाळगून विकणारा माणूस व्यापार करीत नाही, सट्टा खेळतो. तोही स्वतःच्या नकळत.

आता बट्ट्याकडे वळू. समजा, मोहन्यातील एखाद्या भगिनीने फराळाचे खोके 40 डॉलरना विकले आणि त्या दिवशी डॉलरचा बाजारभाव 90 रुपये आहे. हिशेबाने तिच्या खात्यात 3600 रुपये यावयास हवेत. परंतु पैसे तिच्याकडे थेट येत नाहीत. मध्ये देणे-घेणे जुळवणारी कंपनी असते. ती स्वतःचे शुल्क उघडपणे कापते, त्याविषयी तक्रार नाही. सेवेचे मोल द्यावयासच हवे. पण नंतर ती डॉलरचे रुपये करते आणि ते 90 ऐवजी, समजा, 86 रुपये 85 पैशांनी करते. हा साडेतीन टक्क्यांचा फरक पावतीवर ‘शुल्क’ म्हणून कोठेही दिसत नाही. तो दरातच मुरलेला असतो. रक्कम भरते 126 रुपये. किरकोळ वाटते? त्या खोक्यावर तिचा नफा पंधरा टक्के धरला, तर तो 540 रुपये होतो. म्हणजे नफ्याचा जवळजवळ चौथा हिस्सा एका न दिसणाऱ्या ओळीत वाहून गेला. पंधरवडाभर पहाटे उठून तिने चकल्या पाडल्या आणि तिच्या श्रमाचा चौथाई वसूल केला तो ज्याने कढई कधी पाहिली नाही त्याने!

काही बाजारपेठांत ही वसुली दोनदा होते. हस्तकलेच्या वस्तूंसाठी जगभर प्रसिद्ध असलेल्या एत्सी या अमेरिकी बाजारपेठेचा नियम असा की, विक्रेत्याने किंमत ज्या चलनात लिहिली ते चलन आणि त्याच्या देयक खात्याचे चलन वेगळे असेल, तर रूपांतरापोटी अडीच टक्के कापले जातात. हा नियम तेथे निदान लिहून ठेवलेला आहे, एवढे श्रेय त्या कंपनीला द्यावे लागेल. परंतु ग्राहक जर्मनीत असेल, त्याने युरो दिले असतील, युरोचे डॉलर आणि डॉलरचे रुपये होत असतील, तर वाटेतील प्रत्येक उंबऱ्यावर थोडे थोडे सांडते. ग्राहकाने माल परत केला तर कथा आणखीच करुण होते. विकताना एका दराने रूपांतर, परतावा देताना दुसऱ्या दराने रूपांतर, आणि दोन्ही वेळचा बट्टा विक्रेत्याच्या नावावर. माल मात्र वाटेत मऊ पडून परत येतो.

मग उत्साही पंथ म्हणतो तसे सरळ रुपयांतच विकावे की काय? येथे भावनेपेक्षा व्यवहाराकडे पाहणे अगत्याचे आहे. विक्रेत्याने 3600 रुपये अशी किंमत लिहिली, तरी शिकागोतल्या ग्राहकाला ती त्याच्या पडद्यावर डॉलरमध्येच दिसते. आज 40 डॉलर, उद्या 39 डॉलर 87 सेंट, परवा आणखी काही. अशा रोज हलणाऱ्या किंमतीवर अनोळखी ग्राहक विश्वास ठेवत नाही. शिवाय रूपांतर टळत नाहीच. ते विक्रेत्याच्या बाजूने होण्याऐवजी ग्राहकाच्या कार्डाच्या कंपनीकडे होते आणि तिचा बट्टा ग्राहकाला पडतो. तो बट्टा मनात धरून ग्राहक दुसऱ्या दुकानाकडे वळतो. रुपया घसरला तर त्याचा लाभही ग्राहकाला मिळतो, कारण त्याला कमी डॉलर मोजावे लागतात. रुपयात किंमत लिहिण्याचा एक फायदा निश्चित आहे. डाळ, बेसन, मजुरी हा खर्च रुपयात होतो आणि विक्रीही रुपयात असल्याने नफ्याचे गणित डळमळत नाही. पण हा फायदा अनोळखी परदेशी ग्राहक गमावून घ्यावयाचा का, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मालापुरता करावा. घोषणेपुरता नव्हे.

जेथे ग्राहक आपलाच आहे, तेथे मात्र परिस्थिती वेगळी आहे आणि ती कोणी लक्षात घेत नाही. डोंबिवली, ठाणे, पुणे येथून दिवाळीच्या सुमारास परदेशी जाणाऱ्या फराळाचे पैसे अनेकदा देतो कोण? डोंबिवलीतच राहणारे आई-वडील! मुलगा कॅलिफोर्नियात, सून तिकडे, नातवंडांना करंजी कळावी म्हणून आजोबा दुकानात जातात आणि रोख रुपये मोजून खोके पाठवतात. हा व्यवहार शंभर टक्के रुपयाचा आहे. तो महाजालावर चढवताना डॉलरचे चिन्ह लावण्याचे काहीच कारण नाही. लावले तर आजोबांच्या रुपयाचे डॉलर आणि त्या डॉलरचे पुन्हा रुपये असा द्राविडी प्राणायाम होतो आणि दोनदा बट्टा पडतो. स्वतः मुलाला पैसे द्यावयाचे असतील तरी वाट आहे. राष्ट्रीय देयक महामंडळाने जानेवारी 2023 मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती आदी दहा देशांतील अनिवासी भारतीयांना त्यांच्या तेथील मोबाइल क्रमांकावरून एनआरई व एनआरओ खात्यांद्वारे यूपीआय वापरण्याची मुभा दिली. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात भेटणारा ग्राहक रुपयांत पैसे देऊ शकतो. अशा विक्रीची नोंद निर्यात म्हणून करावयाची तर कागदपत्रे कशी हवीत, हे आपल्या बँकेला विचारूनच करावे, एवढे पथ्य मात्र पाळावयास हवे.

आता पूर्वजांविषयी. कल्याण हे काही आज व्यापाराला लागलेले गाव नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात ‘कल्लियेना’ या नावाने त्याचा उल्लेख आहे आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे लेख कोरलेले आहेत. उल्हासच्या खाडीतून ज्या काळी गलबते ये-जा करीत, त्या काळचाच हा ग्रंथ भडोच बंदराविषयी एक मार्मिक नोंद करतो: रोमन सोन्याचांदीची नाणी तेथे आणली तर देशी नाण्यांशी बदल करताना फायदा होतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही परदेशी व्यापाऱ्याचे लक्ष मालाइतकेच चलनाच्या बदलीवर होते. पण त्याच काळात आपल्याकडे बदलीचा दर अंधारात ठेवला जात नव्हता. नाशिकच्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. त्यात सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, एका सुवर्णास पस्तीस कार्षापण, असा दर दगडात कोरून ठेवला आहे. कोणीही यावे, वाचावे आणि गुणाकार करून पाहावा! जो पारदर्शकपणा एका परकीय वंशाच्या सरदाराने दगडावर दाखवला, तो आजच्या संगणकयुगातील मध्यस्थाला एका पावतीवर दाखवता येत नाही, हे कोणत्या प्रगतीचे लक्षण मानावयाचे?

पुढे त्याच नहपानाचा गौतमीपुत्र सातकर्णीने पाडाव केला. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे 1906 मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. सातवाहनांनी चांदी टाकून दिली नाही, वितळवूनही टाकली नाही. धातू तोच ठेवून अधिकार कोणाचा, एवढे त्यांनी बदलले.

आणि याच प्रश्नावरचा सर्वांत नेमका निर्णय रायगडावर झाला. जून 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन महाराजांकडे तहाची कलमे घेऊन आला होता. त्यांतील एक कलम असे की, इंग्रजांचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे. महाराजांनी या कलमाला हरकत घेतली. ज्या नाण्यात रयतेचे नुकसान होईल ते घेण्याची सक्ती आपण रयतेवर करू शकत नाही, नाणे कसाला आणि वजनाला उतरत असेल तर त्याला मनाई करण्याचेही कारण नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. हा निर्णय नीट वाचावा. त्यात परक्या नाण्याचा द्वेष नाही आणि परक्या नाण्याची भुरळही नाही. त्याच राज्याभिषेकाच्या निमित्ताने स्वतःचा होन आणि शिवराई पाडणाऱ्या छत्रपतींना चलनाचा स्वाभिमान कोणी शिकवावयास नको होता. तरीही त्यांची कसोटी एकच होती: तोटा रयतेवर पडतो की नाही?

इंग्रजांनी पुढे जे केले, ते बरोबर या कसोटीच्या उलट होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातून कापूस, ताग, गहू लंडनला जात असे. तेथील व्यापारी मालाचे पौंड भारतमंत्र्याकडे भरी आणि त्या बदल्यात त्याला ‘कौन्सिल बिल’ नावाची हुंडी मिळे. ती हुंडी मुंबई-कलकत्त्याच्या सरकारी खजिन्यात रुपयांत वटे. म्हणजे वऱ्हाडातल्या कापसाची किंमत शेतकऱ्याला मिळे ती त्याच्याच करातून आणि कापसाने कमावलेले पौंड लंडनमध्येच राहून निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांचे वेतन व कर्जाचे व्याज फेडत. दादाभाई नौरोजींनी ज्या संपत्तीच्या ओघाविषयी आयुष्यभर आक्रोश केला, त्याची ही एक नळी होती. हुंडीचा दर ठरे लंडनमध्ये. 1893 मध्ये टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या त्या सरकारच्या सोयीसाठी आणि 1927 मध्ये रुपया एक शिलिंग सहा पेन्सना बांधला गेला तोही हिंदी व्यापाऱ्यांचा विरोध डावलून. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी आयोगाच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडली होती. ती जोडलेलीच राहिली.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले काय? काही काळ निश्चितच. 1959 पासून रिझर्व्ह बँक खास आखाती प्रदेशासाठी वेगळ्या नोटा छापीत असे. कुवेत, बहरीन, कतार आणि आजच्या अमिरातींमध्ये रुपया हे रोजच्या व्यवहाराचे चलन होते. आजच्या तरुणाला हे सांगितले तर थट्टा वाटते. कुवेतने 1961 मध्ये आणि बहरीनने 1965 मध्ये स्वतःचे चलन काढले आणि 6 जून 1966 रोजी इंदिरा गांधींच्या सरकारने डॉलरचा दर 4 रुपये 76 पैशांवरून 7 रुपये 50 पैशांवर नेला, तेव्हा उरलेल्यांनीही रुपयाची साथ सोडली. ज्या दुबईत एकेकाळी रुपया मोजला जात असे, तेथे आज मोहन्याचा तरुण दिरहम मोजावयास जातो. 1991 च्या जुलैमध्ये तर सुमारे 47 टन सोने विमानांतून परदेशी गहाण टाकण्याची वेळ आली. चलनाचा मान घोषणेने वाढत नाही. तो घरातल्या हिशेबाने वाढतो आणि हिशेब बिघडला की उतरतो, हे रुपयाच्या इतिहासाइतके स्पष्ट कोठेही दिसत नाही.

अलीकडच्या काळात या दिशेने पावले पडली, हे मान्य करावयास हवे. रिझर्व्ह बँकेने 11 जुलै 2022 रोजी आंतरराष्ट्रीय व्यापाराचे बीजक रुपयांत करण्याची व्यवस्था जाहीर केली. मार्च 2023 पर्यंत 18 देशांच्या बँकांना अशी 60 खाती उघडण्यास अनुमती मिळाली. जुलै 2023 मध्ये अमिरातींशी स्थानिक चलनांत व्यवहार करण्याचा करार झाला आणि त्याच वर्षी इंडियन ऑइलने तेथील कच्च्या तेलाचे पैसे रुपयांत दिले. पण यातही आत्मसंतुष्ट राहण्याजोगे नाही. मे 2023 मध्ये गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीस आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी सांगून टाकले की, भारतीय बँकांत त्यांचे अब्जावधी रुपये साचले आहेत आणि ते खर्च कशावर करावेत हा प्रश्न आहे. विकत घेण्याजोगा माल ज्याच्या दुकानात भरपूर, त्याचेच चलन जग हौसेने घेते. रुपयाचे चिन्ह 2010 मध्ये मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या उदय कुमार यांनी सुंदर काढून दिले. त्याला बाजार मिळवून देण्याचे काम त्यांचे नव्हते.

ही सारी व्यवस्था तेल आणि यंत्रसामग्रीच्या मोठ्या व्यापाराची आहे. चाळीस डॉलरच्या खोक्यापर्यंत ती झिरपलेली नाही. लहान विक्रेत्याच्या वाट्याला काय आले? 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या पुडक्यांना असलेली जकातमाफी काढून घेतली आणि 25 ऑगस्टपासून भारतीय टपाल खात्याला तिकडे जाणारी बहुतेक पुडकी स्वीकारणे थांबवावे लागले. सेवा पुन्हा सुरू झाली ती 15 ऑक्टोबरला, दिवाळी अवघ्या पाच-सहा दिवसांवर असताना. डॉलरमध्ये किंमत लिहिलेल्या किती खोक्यांचा मुहूर्त त्या वर्षी चुकला असेल! चलन त्यांचे, बाजार त्यांचा आणि नियमही रातोरात बदलणार ते त्यांचेच. एकाच बाजारावर आणि एकाच चलनावर विसंबून राहण्याचा सल्ला देणाऱ्या शिबिरवाल्यांपैकी कोणी त्या दोन महिन्यांत भरपाई घेऊन आल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हा लहान विक्रेत्याने करावे काय? परका ग्राहक असेल तर किंमत त्याच्या चलनात खुशाल लिहावी. अमेरिकेसाठी डॉलर, ब्रिटनसाठी पौंड, जर्मनीसाठी युरो. त्यात कमीपणा नाही. बाजाराला जाणारा माणूस बाजाराच्या मापाने मोजतो. पण ती किंमत ठरवावी रुपयांत, स्वतःच्या वहीत, बट्टा आणि दरातील चढउतार यांसाठी काही टक्के आधीच धरून, आणि महिन्याकाठी एकदा दर पाहून ती नव्याने आखावी. डॉलर आल्याबरोबर त्याचे रुपये करण्याचा अधिकार मध्यस्थाला न देता, उलाढाल बऱ्यापैकी असेल तर बँकेत निर्यातदाराचे परकीय चलन खाते उघडावे. अशा खात्यातील रक्कम पुढील महिन्याच्या अखेरीपर्यंत परकीय चलनात ठेवता येते. क्लिअरिंग कॉर्पोरेशनने ऑगस्ट 2019 मध्ये ‘एफएक्स-रिटेल’ नावाचा मंच लहान ग्राहकांसाठीच सुरू केला. बँकांच्या आपापसातील दराजवळच्या दराने तेथे डॉलर विकता येतात आणि बँकेने स्वतःचा वाटा वेगळा सांगावा लागतो. गल्लीतल्या शाखेत चौकशी केली तर समोरचा कर्मचारी चेहरा कोरा करतो, ही गोष्ट वेगळी. निर्यातीचे पैसे देशात आणण्याची मुदत रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2025 मध्ये नऊ महिन्यांवरून पंधरा महिने केली, हेही ठाऊक असावे. घाईने, पडेल त्या दराने रूपांतर करण्याची सक्ती कोणीही केलेली नाही.

परंतु सारी जबाबदारी त्या भगिनीच्या वहीवर टाकून शासनाला हात झटकता येणार नाहीत. 31 ऑक्टोबर 2023 रोजी रिझर्व्ह बँकेने सीमापार देयके हाताळणाऱ्या कंपन्यांना थेट आपल्या नियंत्रणाखाली आणले. हे स्तुत्य झाले. आता त्याच अधिकाराचा वापर करून प्रत्येक पावतीवर तीन आकडे सक्तीचे करावेत: त्या क्षणीचा बाजारभाव, विक्रेत्याला दिलेला दर आणि दोहोंतील फरक रुपयांत. एवढी एक ओळ छापण्यास कोणत्याही संगणकाला अडचण नाही. अडचण आहे ती ओळ वाचली जाण्याची. पेशवाईअखेर चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही अशा नाना रुपयांचा बाजार होता आणि सराफ प्रत्येकावर बट्टा घेत. पण तो सराफ पेठेत बसलेला असे, त्याचा दर गिऱ्हाईकासमोर बोलला जाई आणि न पटल्यास शेजारच्या दुकानात जाता येई. आजचा सराफ कोठे बसतो, हेच विक्रेत्याला ठाऊक नसते.

ठाणे जिल्ह्यातील सहकारी बँकांनाही येथे काम आहे. कल्याण-डोंबिवलीतील मध्यमवर्गाने आपल्या ठेवी देऊन या बँका वाढवल्या. परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकांनी आठवड्यातील एक दिवस घरगुती निर्यातदारांसाठी ठेवावा, पन्नास जणींचे डॉलर एकत्र करून एका दराने विकावेत आणि तो दर शाखेच्या फलकावर खडूने लिहावा. उषवदाताला त्यासाठी डोंगर कोरावा लागला होता.